रोवणीच्या दिवसांतला घास

जुलैमध्ये पाऊस धरला, की गोंदिया जिल्ह्यात रोवणी सुरू होते. चिखल केलेल्या बांधीत बायका ओळीने वाकून धानाचे पऱ्हे लावत मागे सरकत जातात. सकाळी निघालेली बाई दिवस कलल्यावर घरी येते. तिचं दोन वर्षांचं मूल त्या वेळात आजीजवळ असतं, मोठ्या बहिणीजवळ असतं, नाहीतर अंगणवाडीत. दुपारचा वरणभात त्याला कोण भरवतं, किती वेळ जवळ बसतं, त्याचं पोट भरलं हे कशावरून ओळखतं, हे त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. पुण्या-मुंबईच्या पालकवर्गात मात्र नेमके हेच प्रश्न अलीकडे एका नव्या नावाने विचारले जात आहेत. ते नाव म्हणजे माइंडफुल इटिंग, मराठीत सजगतेने जेवणं.

हळू जेवा, भूक ओळखा, मोबाइल बाजूला ठेवा, मुलाला जबरदस्ती करू नका. सल्ला साधा वाटतो. पण त्यामागे शंभर वर्षांचे प्रयोग आहेत, काही फसलेलं संशोधन आहे आणि न मिटलेले वाद आहेत. धानाच्या या जिल्ह्यातून त्याकडे पाहिलं, की त्यातलं काय घट्ट आहे आणि काय पोकळ आहे, हे जास्त स्पष्ट दिसतं.

शब्दाचा प्रवास

आजच्या अर्थाने ही चर्चा अमेरिकेत सुरू झाली. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण कमी करण्यासाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला एक धडा फार गाजला: एकच मनुका हातात घ्यायचा, तो पाहायचा, हुंगायचा आणि मगच सावकाश चावायचा. पुढे जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञांनी अनावर खाण्याच्या विकारासाठी याच पायावर उपचार बांधले. १९९५ मध्ये एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश यांचं ‘इंट्युइटिव्ह इटिंग’ आलं, तर २००९ मध्ये जॅन चोझेन बेज यांचं ‘माइंडफुल इटिंग’. पालकांपुरती ही वाट १९९७ मध्ये उघडली. त्या वर्षी मायला आणि जॉन कबात-झिन या दांपत्याने सजग पालकत्वावर ‘एव्हरीडे ब्लेसिंग्ज’ हे पुस्तक लिहिलं.

या सगळ्याचा उगम जास्त खाण्याच्या प्रश्नात आहे. ताट भरलेलं आहे, कपाटही भरलेलं आहे आणि माणूस भूक नसताना खातो आहे, असं गृहीत धरून ही पद्धत घडली. २०१४ साली चौदा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सजगतेने अनावर खाणं आणि भावनेच्या भरात खाणं कमी होतं, वजनावर मात्र खात्रीचा परिणाम दिसत नाही, असं त्यातून निघालं. हे सारे प्रौढांवरचे अभ्यास होते. मुलांना भरवणाऱ्या आईवडिलांपर्यंत हे निष्कर्ष नेताना बराच मोठा सांधा जोडावा लागतो, आणि तो अजून पुरता जुळलेला नाही.

आपल्याकडची शिस्त

मराठी वाचकाला यात ओळखीचं बरंच सापडेल. चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे नियम आहेत: गरम खावं, मापात खावं, आधीचं पचल्यावर खावं, फार भरभर नको आणि फार रेंगाळतही नको, बोलत-हसत नको, मन जेवणात असावं. जेवणाआधीचा श्लोक आणि ताटाभोवती पाणी फिरवून घातलेली चित्राहुती यांनी हात तोंडाकडे जाण्याआधी एक थांबा निर्माण केला. पूर्व विदर्भातल्या गोंड घरांत नवं धान आधी देवांना आणि पूर्वजांना वाहतात, मगच घरात खातात.

बौद्ध परंपरेचा धागा तर थेट आहे. सतिपट्ठान सुत्तात खाताना, पिताना, चावताना, चव घेताना जाणीव जागी ठेवण्याचा उपदेश आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या लाखो घरांचं बौद्ध विचाराशी नातं जुळलं. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरं चालतात आणि तिथे मौनातच जेवतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या ‘मित्र’ उपक्रमातून शाळांमध्ये आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवणं, शिकवलं गेलं. कबात-झिन यांनी जे अमेरिकेला दिलं, ते मुळात आशियातूनच गेलेलं होतं.

तरीही ‘हे तर आमच्याकडे होतंच’ एवढं म्हणून विषय संपत नाही. श्लोक म्हणून सावकाश जेवण्याची शिस्त जिथे होती, तिथे वाढणारी बाई पंगत उठल्यावर, उरलेल्यातून आणि बहुधा घाईत जेवत होती. मजुराच्या घरात तर जेवणाची वेळच कामाच्या हातात होती. आईने स्वतः सजगतेने जेवावं, म्हणजे मूल पाहून शिकेल, असं आजचे पुरस्कर्ते सांगतात. त्यासाठी आई आणि मूल एका वेळी एका ठिकाणी जेवायला बसायला हवेत. अनेक घरांत पहिली अडचण तिथेच येते.

मुलांच्या बाबतीत परंपरेचा स्वर आणखी वेगळा होता. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण व्हायचं आणि मामाच्या मांडीवर बसून मूल पहिला घास खायचं. मग सुरू व्हायचा चिऊचा घास, काऊचा घास. यात माया होती, खेळ होता, मुलाच्या डोळ्यांत पाहणं होतं. पण घास संपेपर्यंत थांबायचं नाही, हा आग्रहही होता. आजच्या वादाची दोन्ही टोकं त्या एका खेळात सापडतात.

पोट कोणाला कळतं?

या वादाच्या केंद्रस्थानी असलेला प्रयोग १९२६ मध्ये क्लीव्हलंड इथे सुरू झाला. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतीच अंगावरून सुटलेली बाळं निवडली आणि त्यांच्यापुढे साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ ठेवले. एकूण पदार्थ ३४ होते, त्यांतले काही प्रत्येक जेवणाला समोर यायचे. परिचारिकांना सक्त ताकीद होती, की घास पुढे करायचा नाही, मुलाने हात दाखवला तरच द्यायचा. पुढे मुलांची संख्या पंधरावर गेली. प्रत्येकाची निवड निराळी आणि विचित्र होती, पण सगळी मुलं चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने बरं होईपर्यंत कॉड माशाचं तेल आपणहून घेतलं.

मुलाच्या शरीराला सगळं कळतं, असा अर्थ पुढे अनेकांनी यातून काढला. डेव्हिस यांनी १९३९ च्या व्याख्यानात स्वतःच त्याला आवर घातला. युक्ती पदार्थांच्या यादीत होती, असं त्यांचं म्हणणं होतं. समोर वाईट काही नव्हतंच, त्यामुळे वाईट निवडही शक्य नव्हती. स्वातंत्र्य मुलाचं होतं, पण ताट मोठ्यांनी विचारपूर्वक मांडलेलं होतं. या साऱ्या चर्चेतलं हे वाक्य सर्वांत मोलाचं आहे, आणि सगळ्यात जास्त विसरलं गेलेलंही तेच आहे.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात त्याला घरगुती नियमाचं रूप दिलं. काय, केव्हा आणि कुठे हे आईवडील ठरवतील. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मूल ठरवेल. लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी या नियमाला आधार दिला. १९८४ च्या त्यांच्या प्रयोगात एखादं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय पुढे कमी आवडू लागलं. १९९९ मध्ये असं दिसलं, की समोर ठेवून मनाई केलेल्या खाऊकडे मुलं जास्त ओढली जातात. २००० साली तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना कमीजास्त वाढून पाहिलं. लहानांनी पोटापुरतंच खाल्लं, मोठी मात्र ताट भरलेलं पाहून जास्त खात गेली. म्हणजे दोनच वर्षांत मूल पोटापेक्षा ताटाकडे पाहायला शिकतं. २००६ मध्ये बालवाडीतल्या मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी आग्रह नसतानापेक्षा कमी प्यायलं आणि तक्रारी जास्त केल्या.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये नावडती भाजी चाखल्याबद्दल मुलांना स्टिकरसारखं छोटं बक्षीस दिलं. मुलांनी भाजी जास्त खाल्ली आणि ती त्यांना आवडूही लागली. म्हणजे बक्षीस सरसकट वाईट, असं म्हणता येत नाही. तिथल्याच जुळ्या मुलांच्या मोठ्या अभ्यासातून २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: एकाच घरातले आईवडील कुरकुर करणाऱ्या जुळ्याला जास्त आग्रह करतात आणि नीट खाणाऱ्याला कमी. आग्रहामुळे मूल कमी खातं की कमी खाणाऱ्या मुलालाच आग्रह होतो, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उघडा झाला. पालकांवर दोष टाकणारे कितीतरी लेख या एका शंकेने सैल पडतात.

या क्षेत्राने एक मोठा धक्काही खाल्ला आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉनसिंक हे नकळत खाण्यावरच्या संशोधनातलं सर्वांत प्रसिद्ध नाव होतं. सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं की आठ ते अकरा वर्षांची मुलं ते जास्त निवडतात, असा त्यांचा निबंध होता. प्रत्यक्षात ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती हे उघड झालं आणि २०१७ मध्ये निबंध मागे घ्यावा लागला. विद्यापीठाच्या चौकशीत २०१८ मध्ये संशोधनातला गैरव्यवहार सिद्ध झाला आणि त्यांचे डझनाहून जास्त निबंध रद्द झाले. ‘लहान ताट घ्या, कमी खाल’ यासारखे खात्रीने सांगितले जाणारे सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्रातला वाद

आपल्या राज्यात खाण्याबद्दलची सर्वांत मोठी जाहीर चर्चा २०१८ च्या सुमारास झाली. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगाव पोहोचवली. त्यांची प्रेरणा विदर्भातले डॉ. श्रीकांत जिचकार. ऋजुता दिवेकर यांची मांडणी वेगळी होती: स्थानिक आणि हंगामी खा, घरचं तूप खा, भूक ओळखून थोडं थोडं खा, जेवताना फोन आणि टीव्ही नको. एका बाजूला घड्याळ होतं, दुसऱ्या बाजूला भुकेची जाणीव. दोघांनाही लाखो अनुयायी मिळाले, आणि नवऱ्याचं एक, बायकोचं एक असं घरोघरी झालं.

मुलांपुरतं पाहायचं तर दीक्षित यांनी आपली पद्धत अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही, असं स्पष्ट सांगितलं आहे, तर दिवेकर यांनी मुलांच्या आहारावर वेगळं पुस्तक लिहिलं आहे. पण मूल सल्ला वाचत नाही, ते घर पाहतं. आई दुपारी जेवत नाही आणि बाबा रात्री घड्याळ लावून जेवतात, अशा घरात मूल भुकेबद्दल काय शिकतं, याची चर्चा त्या वादळात जवळजवळ झालीच नाही.

भुकेच्या जिल्ह्यात

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. एका अंगाला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. धान, भातगिरण्या, माजी मालगुजारी तलाव, तेंदूपत्ता आणि मोह यांवर इथलं जगणं उभं आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत जंगल आणि आदिवासी वस्ती जास्त. इथल्या पालकाला ‘मूल नको म्हणालं तर थांबा’ असं सांगताना जीभ अडखळते.

त्याचं कारण आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. त्यांपैकी तीव्र कृश १०.९ टक्के. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ९.४ होतं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी होतं. याच पाहणीत जादा वजनाच्या लहान मुलांचं प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलं. एकाच राज्यात, कधी एकाच गावात, दोन्ही टोकं शेजारी नांदत आहेत.

कमी पोषणाच्या या मुलखासाठी आरोग्यशास्त्राने ‘रिस्पॉन्सिव्ह फीडिंग’, म्हणजे मुलाच्या खुणा ओळखून भरवण्याचा विचार मांडला. मुलासमोर बसावं, त्याच्या डोळ्यांत पाहावं, बोलावं, सावकाश भरवावं. त्याने तोंड फिरवलं तर थोडं थांबावं, दुसरं काही देऊन पाहावं, धीर द्यावा, पण कोंबू नये. ताप-जुलाब असताना भूक मंदावते, तेव्हा धीर जास्त लागतो. भारताच्या २००४ च्या बालआहार मार्गदर्शनात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींत हेच आहे. मनुक्याच्या धड्यातली सजगता खाणाऱ्याकडे पाहते. इथली सजगता भरवणाऱ्याकडे पाहते. पालकांना दुसरीची गरज जास्त आहे, आणि माइंडफुल इटिंगवरच्या लोकप्रिय पुस्तकांत तीच कमी आढळते.

पुरावा काय सांगतो? जागतिक आरोग्य संघटनेने ही शिफारस ठाम केली, पण पुराव्याची खात्री कमी असल्याचंही प्रामाणिकपणे नोंदवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह आंध्र प्रदेशातल्या साठ गावांत तान्ह्या मुलांच्या आयांबरोबर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. काही आयांना काय भरवावं एवढंच शिकवलं, काहींना कसं भरवावं आणि कसं खेळावं हेही शिकवलं. दोन्ही गटांत मुलांचं खाणं सुधारलं. ‘कसं’ शिकलेल्या गटात मुलांचा बौद्धिक विकास जास्त चांगला दिसला, उंचीत मात्र त्या गटाला जादा फायदा झाला नाही. लक्ष दिल्याने मूल उमलतं, पण ताटात डाळ, अंडं, मासळी आल्याशिवाय ते वाढत नाही, असा याचा सरळ अर्थ लावता येतो.

मग कुपोषित मुलाला जबरदस्ती करावी का? याचं सर्वांत बोलकं उत्तर पोषण पुनर्वसन केंद्राच्या नियमांत आहे. तीव्र कुपोषित मुलाची आधी भुकेची चाचणी होते. ते आपणहून खातं का, यावर त्याचा उपचार घरी की केंद्रात हे ठरतं. या चाचणीत कोंबायला मनाई आहे. अगदी गंभीर अवस्थेत मात्र दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून दूध दिलं जातं. सलग दोन वेळा ठरलेल्या दुधाच्या ८० टक्क्यांहून कमी घेतलं, तर नाकातून नळी घालतात. म्हणजे मुलाच्या भुकेवर भरवसा ठेवणारी वैद्यकीय पद्धत भूक स्वतःच आजारी पडते, त्या क्षणी तो भरवसा बाजूला ठेवते. या दोन टोकांमध्ये घराघरांत जी हजारो मुलं आहेत, किंचित हडकुळी, किंचित अशक्त, त्यांच्यासाठी रेषा कुठे ओढायची, यावर जाणकारांचं एकमत नाही.

पुडा, मोबाइल आणि रानभाजी

डेव्हिस यांचं वाक्य इथे पुन्हा आठवावं लागतं. मुलापुढची यादीच बदलली तर काय होतं? २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर ९.६२ टक्के खर्च होतो, तर तृणधान्यांवर ४.९१ टक्के. १९९९-२००० मध्ये तृणधान्यांचा वाटा २२ टक्क्यांवर होता. या आकड्यांत चहा आणि बाहेरचं जेवणही येतं, आणि रेशनच्या फुकट धान्याने तृणधान्यावरचा खर्च कमी दिसतो, हे खरं. तरीही गावातल्या पानठेल्यावर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा हीच गोष्ट डोळ्यांना सांगतात. दिवसभर कामावर गेलेली आई मुलाच्या हातात पाच रुपये ठेवून जाते, ते मायेनेच. पण पुड्याने भूक मरते आणि संध्याकाळी मूल भाताला नको म्हणतं. त्या ‘नको’चा मान ठेवायचा का?

नियम झाले आहेत. राज्याने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवायला सांगितले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळेपासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ आणि चरबीच्या पदार्थांची विक्री रोखली. गावातल्या दुकानाचं आणि शाळेचं अंतर मोजायला मात्र कोणी फिरत नाही.

मोबाइलचा प्रश्न गावातही पोहोचला आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून जास्त नको, असं सांगितलं. पडद्यासमोर मूल जास्त घास घेतं, असा कित्येक आयांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. पण ते घास त्याच्या लक्षात राहत नाहीत, आणि पोट भरल्याची खूण भरवणाऱ्याला दिसत नाही. हडकुळ्या मुलाच्या आईला मात्र आज खाल्लेले चार घास उद्याच्या सवयीपेक्षा मोठे वाटतात. तिची ही गणना तज्ज्ञांनी हलक्याने घेऊ नये.

याच जिल्ह्यात दुसरी एक यादीही जिवंत आहे. पहिल्या पावसात तरोटा, मग वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, सात्या म्हणजे रानातली अळिंबी, कुड्याची फुलं, हेटीची फुलं. बोड्या म्हणजे छोटी तळी, त्यांतले आणि तलावांतले झिंगे, मरळ. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांत देशी मासे आणि पाणवनस्पती परत याव्यात, म्हणून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर समाजासोबत काम केलं आहे. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. मुलाने रानातून आपल्या हाताने खुडून आणलेली भाजी ताटात ओळखणं, हा सजगतेचा धडा कोणत्याही मनुक्याहून मोठा आहे. त्याला पैसे लागत नाहीत. लागतो तो मोठ्या माणसाचा वेळ.

वेळ कोणाचा?

साऱ्या चर्चेत हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. रोवणी, निंदण, कापणी यांची मजुरी त्यावर वेगळी. अशा बाईला सजगतेने भरव, समोर बस, घाई करू नको, असं सांगणं म्हणजे तिच्याकडे नसलेली गोष्ट तिच्याकडे मागणं. इंग्रजी पुस्तकांतला ‘पालक’ हा शब्द इथे आला की तो बहुधा एकट्या आईच्या खांद्यावर पडतो. बाप आणि आजोबा यांच्यासाठी वेगळं काही लिहिलं जात नाही. खुणा ओळखणं ही आईच्या रक्तातली देणगी नव्हे. ते शिकता येतं, आणि कोणालाही शिकता येतं.

शाळा आणि अंगणवाडी इथे मोठं काम करू शकतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्याही आधी, १९४५ पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी आणि मग कोसबाड इथे गरिबांच्या आणि आदिवासी मुलांच्या दारात बालवाडी नेली. माँटेसोरी विचारातलं एक तत्त्व त्यांच्या कामाच्या पाठीशी होतं: मूल स्वतः वाढून घेऊ शकतं, सांडलेलं पुसू शकतं, पुरे म्हणू शकतं. शाळेतल्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची, असं माप ठरलेलं आहे. जेवायला किती वेळ द्यायचा, आणि मुलाने दुसऱ्यांदा मागितलं किंवा नको म्हटलं तर काय करायचं, यावरही तितकाच विचार व्हायला हवा.

जे अजून सुटलेलं नाही

मुलाच्या खुणा पाहून, न कोंबता, समोर बसून भरवावं, यावर आज बऱ्यापैकी सहमती आहे. पण या सल्ल्याने वाढ सुधारते का, हे ठाम सांगता येत नाही. आग्रह आणि कमी खाणं यांतलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याचा गुंता कायम आहे. बहुतेक प्रयोग भरल्या घरांतल्या मुलांवर झाले. अर्धपोटी मुलाची भुकेची खूण तेवढीच विश्वासार्ह असते का, याचं उत्तर हवं आहे. चव, घास, थांबणं यांचे जे नियम भाकरी-पोळीच्या किंवा काट्या-चमच्याच्या ताटावरून निघाले, ते हाताने कालवलेल्या भाताला कितपत लागू पडतात, हेही कोणी तरी तपासायला हवं.

आणि रोवणीचा प्रश्न आहेच. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली. खासगी बांधीतल्या रोवणीला तशी कोणतीही तरतूद नाही. शेजारच्या छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या गनियारीची जनस्वास्थ्य सहयोग ही संस्था गावागावांत फुलवारी चालवते. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं गावातल्याच बाईजवळ दिवसभर राहतात, थोडं थोडं अनेकदा खातात आणि आया निर्धास्त कामाला जातात. पुढे त्या राज्याच्या सरकारनेही फुलवारीची कल्पना उचलली.

गोंदिया जिल्हा परिषदेने येत्या खरिपात देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या दहा गावांत रोवणीचे सहा आठवडे अशी फुलवारी चालवून पाहावी. आजी-आजोबांना आणि बापांना खुणा ओळखून भरवायला शिकवावं. रोवणीआधी आणि रोवणीनंतर प्रत्येक मुलाचं वजन नोंदवावं आणि ते आकडे गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत.